पांढऱ्या सिंहासनाची गुरगुर

उमरग्यात बंडप्पाच्या घरी पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून कमोड बोलायला लागला.

बोलायला म्हणजे अगदी शब्दांत नाही. कुणी मोरीत भांड्यांचं पाणी ओतलं, कुणी न्हाणीत बादली पालथी केली, की मागच्या अंगणातल्या त्या बंद दाराआडून आवाज यायचा, 'गुडुक'. मग जरा थांबून, काहीतरी आठवल्यासारखा, 'गुडगुडगुडगुड'. वरच्या टाकीचं पाणी सोडलं तर ते खाली जायच्या ऐवजी आधी वर यायचं. काठापर्यंत यायचं, कोण आलंय ते बघायचं, आणि मग माहेराहून निघालेल्या लेकीसारखं रेंगाळत रेंगाळत उतरायचं. वास तर असा, की मल्लम्मानं उदबत्त्यांचं नवंकोरं पुडकं संपवून टाकलं आणि शेजारच्या शिवलिंगप्पांनी भिंतीवरून विचारलं, "काय बंडप्पा, मोठी पूजा मांडलीया जणू?"

बंडप्पानं एरवी हे हसण्यावारी नेलं असतं. बाजारपेठेत करडीचं तेल आणि शेंगदाणे विकता विकता त्यानं साठी गाठली होती. असल्या गुडगुडीला भिणारा तो नव्हता. पण तो कमोड त्याच्यासाठी नव्हताच. तो अक्कासाठी होता.

रुद्रम्मा अक्का म्हणजे बंडप्पाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बंडप्पा रांगत होता आणि अक्का परकर-पोलक्यात होती. त्या परकराचं टोक धरूनच तो उभा राहायला शिकला. पुढं अक्का अणदूरला नांदायला गेली, नवरा गेला, लेकरूबाळ झालं नाही, आणि ती तिथंच एकटी राहिली. परसात शेवगा, दारात गाय, गळ्यात लिंग, तोंडात ओव्या. पण गुडघ्यांनी दगा दिला. अणदूरच्या घरातलं शौचालय परसाच्या पार टोकाला. पावसाळ्यात तिथवर जाणं म्हणजे अक्काला एक जत्राच. तरी ती हटत नव्हती. "तम्मा, तुझं घर माझंच हाय. म्हनूनच तितं येऊन बसत न्हाय," असलं काहीतरी उलटं बोलायची. 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ.

यंदा बंडप्पानं हट्टच धरला. मागच्या अंगणातलं जुनं उकिडवं भांडं काढून टाकलं, तिथं उंच पांढरा कमोड बसवून घेतला, मागच्या भिंतीवरून गच्चीवर नवा पाइप नेला, भिंतीला धरायला स्टीलची दांडी लावली, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी अक्काला मोटारीत घालून आणलं. अक्कानं ते पांढरंशुभ्र प्रकरण दारात उभं राहून न्याहाळलं, हात लावून बघितला आणि म्हणाली, "ह्याच्यावर बसायचं? मला वाटलं हार घालायचा."

पहिला दिवस झ्याक गेला. गुडघे कुरकुरले नाहीत, अक्काही नाही. आणि पाडव्यानंतर हे गुरगुरणं सुरू झालं.

अक्का सकाळी लिंगपूजेला बसायची. डाव्या तळहातावर लिंग, कपाळावर विभूती, डोळे मिटलेले. तिकडं मल्लम्मानं कपडे धुतलेलं पाणी सोडलं की भिंतीपलीकडून 'गुडुक'. अक्काचा एक डोळा उघडायचा. पुन्हा 'गुडगुड'. दुसरा उघडायचा.

चौथ्या दिवशी तिनं चुलीपाशी बसून ओवी म्हटली. भाकरी थापणाऱ्या मल्लम्माचा हात हसून हसून ढिला पडला:

*भावाच्या घरामंदी, पांढरं गं शिंव्हासन,*
*बसाया गेले मी तं, गुरगुरलं मनातनं.*

बंडप्पाही हसला. पण ओवी संपल्यावर अक्का तवा बघत हळूच म्हणाली, "म्या आले आन् ह्येला कंठ फुटला. मला येत्या सोमवारी अणदूरच्या बशीत बसवून दे, तम्मा."

"अगं पाइपात कचरा असंल. काढू की."

"काढा. पन सोमवारी जाते म्या."

कमोड गप बसला तर अक्का राहील, असं बंडप्पानं मनाशी धरलं. सोमवार काही लांब नव्हता.

आधी घरचे इलाज झाले. शिवलिंगप्पा भिंतीवरून म्हणाले, "जमिनीखालच्या मैलाटाकीतले किडे मेले असतील. त्यांना जिवंत करावं लागतं. शेणकाला पाजा." शेणकाला पाजला. मल्लम्माच्या भावानं लातूरहून फोनवर सांगितलं, आंबट ताक ओता. मल्लम्मानं कालचं ताक ओतलं, वर पुटपुटली, "घरच्या मानसाला कढीला न्हाय आन् ह्येला ताक." कमोडनं ताक घेतलं, ढेकर दिली, आणि पूर्वीसारखाच बोलत राहिला.

मग बिराप्पाला बोलावणं गेलं. कमोड त्यानंच बसवला होता. बिराप्पा नळाची कामं करायचा पण चालायचा डॉक्टरसारखा. पिशवीतून पान्हा काढायच्या आधी पेशंटला तीन प्रश्न विचारायचा.

"आवाज कवा येतो? जेवनाच्या आधी का नंतर?"

"त्यो जेवत न्हाय, बिराप्पा," मल्लम्मा म्हणाली.

"तसं न्हवं वयनी. पानी सोडल्यावर का न सोडता?"

"सोडल्यावर. कुटंबी सोडलं तरी. बोलतो ह्योच."

बिराप्पानं कमोडला कान लावला, डोळे मिटले, मान हलवली. "टाकी भरलीया."

"आत न बघता?"

"मालक, पोट फुगलं की डाक्टर चिरून बघतो व्हय? टाकी भरली. उपसायची गाडी बोलवावी लागनार. माझ्या बसवन्यात फरक निघाला तर मिशी काढीन." बिराप्पाला मिशी नव्हती, पण बोलण्याचा जोर तसाच होता.

गाडी बोलवायची तर टाकीचं झाकण उघडायला हवं. आणि झाकण कुठं होतं? बंडप्पानं अंगणभर नजर फिरवली. अंगण सुंदर होतं. दोन वर्षांपूर्वी हौसेनं त्यानं सगळीकडं शहाबादी फरशी बसवून घेतली होती, एकाला एक चिकटवून, चकाचक. त्या चकाकीच्या खाली कुठंतरी ते झाकण होतं.

"तवाच म्हनले होते, वर रंगाचा ठिपका काढून ठेवा," मल्लम्मा म्हणाली. "तुमी म्हनला, 'मला ठावं हाय की.' सांगा आता."

"मला ठावं हाय की," बंडप्पा म्हणाला, "ह्या अंगनातच हाय."

बिराप्पानं पहारीनं एक फरशी उचकटली. खाली मुरूम. दुसरी उचकटली. मुरूम. तिसरी उचकटायला तो वाकला तेव्हा ओट्यावर बसलेली अक्का काठी टेकत उठली. "थांब रं लेका. अंगनाचा उकीरडा करशील." ती एकेका फरशीवर काठी आपटत चालली. टक. टक. टक. मान जरा तिरकी, जणू कुणाच्या पाळण्यातला श्वास ऐकतेय. तुळशीच्या डाव्या हाताला काठी पडली आणि आवाज आला, 'ढब्ब'.

"हितं," अक्का म्हणाली. "आमच्या सासऱ्याचं जवारीचं पेव असंच वाजायचं. पेवावर राहिलेलं मानूस हाय म्या. खाली पोकळ असलं की पायाला कळतं."

"बघा," बिराप्पा म्हणाला, "मी त्येच म्हननार होतो."

झाकण निघालं. बिराप्पानं सगळ्यांना लांब उभं केलं, काडी ओढू नका म्हणाला, तोंडावर रुमाल बांधून बॅटरी मारली, आणि आत डोकावत राहिला. बंडप्पा दोन पावलं पुढं सरकला.

"काय रं?"

"पानी जागच्या जागी हाय."

"म्हंजे भरली न्हाय?"

"भरली न्हाय म्हनता येत न्हाय. पन भरली हाय, असंबी म्हनता येत न्हाय." बिराप्पानं रुमाल सोडला. "वयनी, आत जाऊन पानी सोडा बरं."

मल्लम्मा आत गेली. पाणी सोडलं. सगळ्यांनी श्वास धरला. सर्रर्र करून पाणी टाकीत येऊन पडलं. ना गुडुक, ना गुडगुड. पुन्हा सोडलं. पुन्हा सर्रर्र. मल्लम्मा दारात आली, पदरानं घाम पुसत. "अगं बाई! येकदम शहान्यावानी गेलं!"

"बघा," बिराप्पा छाती काढून म्हणाला, "जरा वारं लागलं, बास. माझा हात लागला की असंच हुतंय."

कारण काही का असेना, अंगणात आनंदीआनंद झाला. मल्लम्मानं चहा टाकला. अक्कानं बिराप्पाच्या कपाकडं बघत जागच्या जागी ओवी जुळवली:

*बिराप्पा कारागीर, फरशी उचली दणादणा,*
*पेशंट झाला बरा, रोग कळंना कुणा.*

"आजी, शेवटचं तेवढं बदला की," बिराप्पा म्हणाला.

"रोग सांग, बदलते."

बिराप्पानं चहा संपवला. झाकण जागेवर बसवलं, कडेनं सिमेंटचा गिलावा घट्ट लिंपला, फरशी नीट बसवली, आणि या वेळी मल्लम्मानं वर लाल रंगानं भलामोठा, भाकरीएवढा ठिपका काढला. रात्री बंडप्पा शांत झोपला. सोमवार येईल आणि जाईल, त्याला वाटलं.

रविवारी सकाळी अक्का आत गेली. बंडप्पा ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसला होता, वाचत नव्हता. आतून टाकीची कळ दाबल्याचा आवाज आला. मग शांतता. मग, खोलवरून, रागावल्यासारखं आणि रडवेलं,

'गुडुक. गुडगुडगुडगुड.'

दार उघडलं. अक्का दांडी धरून बाहेर आली, पायाचं पाणी झटकलं, भावाकडं न बघता म्हणाली, "मल्लम्मे, माझी पिशवी कुटं ठिवलीस गं?"

बंडप्पानं पायात चपला घातल्या आणि तो दुकानाकडं निघाला. भांडावं तर कुणाशी? बहिणीशी भांडता येत नाही, कमोडशी भांडून बघितलं होतं.

दुकानात राजेश्वरीबाई येऊन उभ्याच होत्या. त्यांची हायवेला, ट्रकवाल्यांच्या थांब्याजवळ, खानावळ होती. त्या तेल न्यायच्या ते मोठ्या किटल्या भरून, आणि बोलायच्या ते पण तसंच.

"अण्णा, तेल द्या लवकर. गिऱ्हाईक भज्याला खोळंबलंय."

सुटं तेल संपलेलं. बंडप्पानं करडीचा नवा सीलबंद डबा पुढं ओढला, खिळा ठेवला, हातोडी मारली. एक भोक पडलं. हात आपले आपणच चालत होते. मन अणदूरच्या बशीत खिडकीशी बसलं होतं. त्यानं डबा उचलून किटलीवर कलता केला.

गुडुक.

बंडप्पा दचकला. डबा जरा आणखी कलता केला. तेल उसळून आलं, थांबलं, पुन्हा उसळलं, किटलीच्या बाहेर सांडलं.

गुडगुडगुडगुड.

तोच आवाज. तीच तक्रार. तसंच आधी अडणं, मग येणं. बंडप्पा डबा धरून जागच्या जागी उभा राहिला, जणू कमोड त्याच्या मागोमाग दुकानात आला होता.

"अण्णा! माझ्या पायावर अभिषेक चाललाय! चित्त कुटाय तुमचं?" राजेश्वरीबाई मागं सरकत ओरडल्या. "येकच भोक पाडलं का? दुसरं कोन पाडनार? वारं आत कुटनं जायचं?"

बंडप्पानं डबा सरळ केला. चाळीस वर्षं तो डब्याला समोरासमोर दोन भोकं पाडत आला होता. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारं जातं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानंही कुणाला शिकवलं नव्हतं. दुकानात हे हातालाच माहीत असतं. त्यानं पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. डबा कलता केला. तेलाची धार उतरली, सोनेरी, अखंड, सुतासारखी. आवाज नाही.

झाकण उघडं होतं तेव्हा पाणी असंच गेलं होतं. झाकण लिंपलं आणि आवाज परत आला. म्हणजे त्या टाकीला दुसरं भोकच नव्हतं. पण होतं की! बिराप्पानं काम करतानाच बसवला होता तो उंच पांढरा पाइप, मागच्या भिंतीवरून थेट गच्चीच्या वर गेलेला, टाकीतलं वारं आणि वास आभाळात सोडायला. आणि त्या पाइपाच्या तोंडाचं आपण पाडव्याला काय केलं...

"बाई," बंडप्पा म्हणाला, "दुकान बघा जरा."

"मी? आन् माझी भजी?"

पण बंडप्पा तोवर गल्लीच्या वळणाला पोचला होता. एका हातात धोतराचा सोगा, तेलकट हाताला रस्त्याची धूळ चिकटतेय. उमरग्याच्या बाजारानं बंडप्पाला पळताना आधी कधी बघितलं नव्हतं. दोघातिघांनी काय लागलं, आग का पोलीस, असं विचारलंही.

पळता पळता त्याला सगळं दिसत गेलं. शिवलिंगप्पांनी यंदा वरचा मजला चढवला होता, म्हणून त्यांची गुढी साऱ्या आळीत उंच जाणार होती. आणि अक्का कितीतरी वर्षांनी भावाच्या घरी पाडव्याला आलेली. तिनं अंगणात मान वर करून बघावं आणि आपली गुढी शेजाऱ्याच्या खाली दिसावी? बंडप्पा गच्चीवर गेला. कठड्याच्या वर हात उंचावलेला तो पाइप उभा होता, तोंडावर प्लास्टिकची टोपी. ही तर देवानंच केलेली जागा, त्याला वाटलं. टोपी काढली, वेळूचा बुडखा पाइपात घातला, कठड्याला सुतळीनं बांधला. काठी आत खुळखुळ हलत होती, म्हणून त्यानं वरून हाक मारली, "अक्का, एखादं चिंधूक दे गं!" अक्कानं गाठोड्यातून आपल्या जुन्या लुगड्याचा भलामोठा तुकडा काढून दिला. त्यानं तो बारदानाबरोबर फटीत ठोसठोस ठोसला. गुढी अशी उंच गेली, की शिवलिंगप्पा दिवसभर भिंतीपाशी आले नाहीत. संध्याकाळी हळद-कुंकू लावून गुढी उतरवली. काठी आली. बोळा आत राहिला. टोपीत तर मल्लम्मा आता कपड्यांचे चिमटे ठेवत होती.

"मल्लम्मे! तारंचा आकडा आन! गच्चीवर चल!"

"काय झालं? कुनी पडलं?"

"पडलं न्हाय. अडकलंय!"

अक्काला जिना चढता येत नव्हता. ती अंगणात काठीवर हात ठेवून वर बघत उभी राहिली. तिच्या डोक्यावर, कठड्याशी, बंडप्पा पाइपावर वाकला होता आणि त्याला मल्लम्मानं मागून कमरेच्या करगोट्याला धरून ठेवलं होतं.

"घट्ट धर गं."

"धरलंय. निम्मं तेल तुमच्याच अंगावर हाय, निसटतंय सगळं."

तार आत गेली. काहीतरी लागलं. बंडप्पानं ओढलं, निसटलं. पुन्हा घातली, पिळली, ओढली. आधी बारदानाचा एक काळाकुट्ट चिंधोटा आला. मग पाडव्याचा लिंबाचा सुकलेला डहाळा. मग हिरव्या इरकलीचं टोक दिसलं, आणि बंडप्पा ते हातावर हात टाकत ओढत सुटला, विहिरीतून पोहरा शेंदावा तसं. ते येतच राहिलं. शेवटचा झटका बसला, 'फस्स' करून पाइपातून असा वास बाहेर पडला की मल्लम्मानं करगोटा सोडून नाक धरलं, बंडप्पा मागं तिच्यावर आदळला, आणि दोघंही गच्चीवर फतकल मारून बसले.

त्याच वेळी खाली, बंद दाराआड, कमोडनं एक लांबलचक श्वास सोडला. 'हूंऽऽ'.

"तम्मा," अक्का खालून म्हणाली, "आत कोन सुस्कारलं रं?"

बंडप्पानं कठड्यावरून लुगड्याचा तुकडा खाली लोंबवला. पाणी गळत होतं, रंग गेला होता, पण काठ ओळखू येत होता. "तुझं लुगडं निघालं, अक्का! टाकीचं नाक दाबून बसलं हुतं!"

अक्कानं काठ ओळखला. मग तिला हसू फुटलं. आधी पदराआड, मग पदर सोडून. तिला उभं राहवेना, ती तुळशीच्या कट्ट्यावर टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. भिंतीवरून शिवलिंगप्पांचं डोकं वर आलं, त्यानं लोंबणारं लुगडं बघितलं, आणि न विचारता खाली गेलं.

बंडप्पानं सोड्यानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि लढाई जिंकून आल्यासारखा बहिणीसमोर येऊन बसला. मल्लम्मानं मोरीत बादली पालथी केली. सगळ्यांनी कान टवकारले. सर्रर्र. बास. बोलणं बंद.

"तर मग," बंडप्पा म्हणाला, "सोमवारची बस चुकली म्हनायची."

अक्कानं डोळे पुसले. "न्हाय रं. जाते म्या."

"आता काय झालं? आवाज गेला की!"

"आवाजाचं न्हाय रं तम्मा." अक्का काठीच्या मुठीवरचा बोटाचा डाग पुसत राहिली, तिथं डाग नव्हता. "ह्यो बोलला तवा म्या मनात म्हनलं, खरं बोलतंय लेकरू. आज गुडघं गेलं. उद्या उठवनार न्हाय. परवा दांडीपतोरबी जाववनार न्हाय. मग कुनीतरी माजं काढनार, धुनार. मल्लम्मा काढंल, तोंडानं येक शबूद बोलनार न्हाय, आन् उदबत्ती लावंल. त्या परास अनदूरला येकटी बरी. मरायचं भ्या न्हाय मला. ह्येचं हाय."

मल्लम्मा मोरीच्या दारात बादली धरून उभी होती. नणंदेनं तिची उदबत्ती बरोबर पकडली होती.

बंडप्पानं आपल्या हातांकडं बघितलं. सोड्यानं पांढरे पडले होते. वास अजून गेला नव्हता.

"अक्का, म्या रांगत हुतो तवा तुज्या परकराला कितींदा घान केली?"

"आता त्ये काय काडतोस?"

"सांग की. कितींदा?"

"मोजलं व्हय कुनी!"

"मग," बंडप्पा म्हणाला, "आमीबी मोजनार न्हाय."

अक्कानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग ती म्हणाली, "तवा तू येवढासा हुतास. म्या म्हंजे ही गोनी हाय. उचलताना दोगंबी वाकाल."

"तेलाचं डबं उचलून उचलून जलम गेला त्येंचा," मल्लम्मा तडकून म्हणाली. बादली तिनं दाणकन खाली ठेवली. "आन् उदबत्ती लावीन म्या, लावीनच. वास आला तर लावीन, देवासाठीबी लावीन. नाक म्या कुटं ठिवू, सांगा? पन शबूद बोलीन. तुमी सकाळी न्हानीत तांब्या लोळत ठिवता, त्येच्यावरबी बोलीन. चार दीस झालं, जीभ आवरून बसलेय म्या, पाव्हनी म्हनून."

अक्कानं मान वर करून भावजयीकडं बघितलं. तिच्या आयुष्यात भाचे-पुतणे, शेजारीपाजारी सगळे तिच्याशी इतकी वर्षं नम्रपणानंच बोलत आले होते. तांब्यावरून कुणी रागावलं नव्हतं.

"लोळत न्हवता," ती म्हणाली. "कलता ठिवला हुता. पानी निथळाया."

"लोळत हुता."

"कलता."

"दोगी आत जाऊन बघा," बंडप्पा म्हणाला, आणि त्याला एकदम आपलं दुकान राजेश्वरीबाईंच्या हवाली असल्याचं आठवलं. तो तसाच पळत सुटला.

दुकानात राजेश्वरीबाईंनी आपल्या किटल्या भरून घेतल्या होत्या, आणखी चार गिऱ्हाइकांना तेल दिलं होतं, आणि डब्याच्या दोन भोकांपैकी एकावर कागदाचा बोळा बसवून ठेवला होता, माश्या जाऊ नयेत म्हणून. "आग विझली का?" त्यांनी विचारलं. "व्हय," बंडप्पा म्हणाला, कारण दुसरं काही सांगायचं तर फार वेळ लागला असता.

दुपारी तो घरी आला तेव्हा अक्का आत होती. मल्लम्मा ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. बंडप्पा पायरीवर बसला. टाकीची कळ दाबली गेली. पाणी एका दमात गेलं. आणि मग, अंगणात, उन्हात, दाराआडून अक्काचा आवाज आला, सावकाश, जात्यावर बसल्यासारखा:

*उंच गं माझा भाऊ, आभाळाच्या कडेवरी,*
*बहिणीची लाज शेंदी, ओल्या लुगड्याची दोरी.*

*भावजय माझी आंबट, ताकावरला फेस गं,*
*तांब्यापायी भांडली, तिच्यात माझा वास गं.*

मल्लम्माचा लसूण सोलणारा हात थांबला. "आंबट म्हनल्या मला," ती कुजबुजली आणि डोळे पुसायला तिनं लसणाचाच हात वापरला. मग चरचरल्यावर 'आई गं' म्हणत पाण्याकडं धावली.

अक्का बाहेर आली. दांडी, दार, काठी, पायरी, असं करत कट्ट्यापाशी पोचली, टेकली. "तम्मा, तुजा फोन दे. चन्नम्माला लावून दे."

चन्नम्मा म्हणजे अणदूरची शेजारीण. अक्काची गाय सध्या तिच्याकडं होती. बंडप्पानं फोन लावून कानाशी धरला, तर अक्कानं तो हातातून घेतला आणि विहिरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी अशा आवाजात बोलायला लागली.

"चन्नम्मे! शरनू शरनार्थी! ... व्हय, बरी हाय. ... ऐक, गाय तूच ठिव. दूध तुज्या नातवाला घाल. ... न्हाय, उद्या येत न्हाय. ... आन् शेवग्याच्या शेंगा आल्या असतील बग. तोडून खा. झाडावर वाळवू नको, माजी वाट बघत. ... कोन? कमोड?" अक्कानं मागच्या दाराकडं एक नजर टाकली. "बोलत हुतं गं. आता गप हाय. गुनाचं हाय तसं. वारं मिळंना म्हनून वरडत हुतं बिचारं. ... आन् ऐक, येताना माजं तेवडं जाड घोंगडं घिऊन ये, हितं फरशी गार लागती. ... तूबी ये की चार दीस. बसून बग. हार घिऊन ये येताना."